ऑनलाइन अभ्यासाची सुरुवात पुस्तकातल्या क्यूआर कोडपासून करा

मुलांना ऑनलाइन अभ्यासाला बसवायचंय ना, मग आधी यूट्यूब नको, बालभारतीचं पुस्तकच घ्या, त्यात क्यूआर कोड छापलेला असतो, दीक्षा अ‍ॅपमधून (२०१७ पासूनचं सरकारी अ‍ॅप आहे, फुकट) तो स्कॅन केला की त्या पुस्तकाचंच साहित्य समोर येतं. नेटचा भरवसा नसेल तर आधीच डाउनलोड करून ठेवा.

पहिली-दुसरीचं मूल असेल तर शेजारी बसाच, १५-२० मिनिटं पुरे. मधेच व्हिडिओ थांबवून विचारा, काय सांगितलं ते तुझ्या शब्दात सांग बघू. हे खरंच चुकवू नका, कारण नुसतं बघून सगळं कळल्यासारखं वाटतं आणि वहीत गणित घेतलं की गाडी अडते. आठवी-नववीवाल्यांना नोटिफिकेशन बंद करायला लावा, बाकी त्यांचं ते बघतात.