जुन्या वस्तूंच्या दुकानात संग्राह्य मातीची भांडी कशी शोधावीत

दान म्हणून आलेल्या किंवा घर रिकामे करताना काढून टाकलेल्या वस्तू जिथे विकल्या जातात, त्या दुकानांत मातीच्या भांड्यांना वेगळे कपाट क्वचितच मिळते. कारखान्यातून कालपरवा निघालेले मग आणि काचेचे पेले यांच्या गर्दीत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची फुलदाणी उभी असते आणि तिच्यावरही इतरांसारखीच किमतीची चिठ्ठी असते, कारण चिठ्ठी लावणाऱ्याला दिवसभरात शेकडो वस्तू हातावेगळ्या करायच्या असतात. ती फुलदाणी ओळखण्यासाठी बुडावरचे कारखान्यांचे सगळे शिक्के पाठ असावे लागतात, हा समज मला चुकीचा वाटतो. शिक्का सर्वांत शेवटी वाचावा. माती, झिलई म्हणजे वरचा काचेसारखा थर, आणि बूड आधी पाहावे, आणि ती पाहण्याची सवय कोणालाही लावून घेता येते.

बरोबर एक भिंग, छोटा टॉर्च, मोजपट्टी आणि ओलसर फडके घ्यावे. दुकानात शिरल्यावर फुलदाण्यांच्या फळीबरोबरच सर्वांत खालचा कप्पा, दिव्यांची बैठक, कुंड्या आणि कृत्रिम फुलांच्या सजावटीही तपासाव्यात. चांगले भांडे पुष्कळदा प्लॅस्टिकच्या फुलांखाली दडलेले किंवा वाळलेल्या मातीने अर्धे भरलेले सापडते. नजर फिरवताना रंगापेक्षा झिलईकडे लक्ष ठेवावे. काठावर पातळ होऊन खालची माती दाखवणारी, नक्षीच्या खोबणीत साचून गडद झालेली, बुडाच्या जरा वर ओघळ थांबलेली झिलई दिसली, की ते भांडे हातात घ्यावे.

उचलताना आधी झाकण काढून बाजूला ठेवावे आणि भांडे कानाला किंवा काठाला न धरता दोन्ही हातांनी पोटाशी धरावे, कारण जुना कान डिंकाने चिकटवलेला असू शकतो. मग ते सावकाश उलटे करावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ बुडासाठीच द्यायला हवा. बुडाची जी कड फळीला टेकते, तिथे झिलई नसेल तर उघडी माती दिसते आणि तिचा रंग पांढरा, पिवळसर, करडा की विटकरी आहे हे कळते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात १९३३ मध्ये सुरू झालेल्या फ्रँकोमा कारखान्याची सुरुवातीची भांडी एडा गावाजवळच्या फिकट मातीची आहेत, तर १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची त्याच राज्यातल्या सापुल्पा गावच्या लालसर मातीची. तेव्हा एकाच आकाराच्या दोन वाडग्यांतले जुने कोणते, हे बुडाच्या रंगावरूनच सांगता येते. संपूर्ण बुडावर झिलई असेल तर तीन बारीक टोचल्यासारखे ठिपके शोधावेत. भट्टीत भांडे ज्या टेकूंवर ठेवले होते, त्यांच्या त्या खुणा असतात. वापराने झालेली झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर आणि तीही कमीजास्त असते. सगळ्या बुडावर सारखाच तपकिरी रंग फासलेला किंवा एकाच दिशेने ओरखडे दिसत असतील, तर जुनेपणा मुद्दाम आणलेला आहे असे समजावे.

यानंतर बोटे आत घालून भिंत चाचपावी. चाकावर घडवलेल्या भांड्यात गोल फिरत वर जाणाऱ्या कडा बोटांना लागतात, तर साच्यात ओतलेल्या भांड्यात आतली बाजू गुळगुळीत असते आणि बाहेर दोन्ही अंगांना सांध्याची रेघ सापडते. साच्याचे भांडे म्हणून ते खाली ठेवू नये, कारण संग्राहक ज्यांच्यामागे असतात अशी कित्येक कारखान्यांची भांडी साच्यातलीच आहेत. मात्र याच ठिकाणी नकलेचाही धोका असतो. मूळ भांड्यावरून साचा घेऊन नक्कल केली, तर ओली माती वाळताना आणि भाजताना साधारण दहा टक्के आकसते, म्हणून नक्कल मूळापेक्षा बुटकी भरते आणि तिची नक्षी बोथट होते. १९५४ मध्ये बंद पडलेल्या अमेरिकेतील रोझव्हिल कारखान्याच्या फुलांच्या नक्षीच्या भांड्यांच्या अशा नकला बाजारात पुष्कळ आहेत. मोजपट्टी त्यासाठीच बाळगायची.

आता शिक्का वाचावा. देशाचे नाव हा सर्वांत उपयोगी धागा आहे, कारण १८९० च्या कायद्यानुसार अमेरिकेत येणाऱ्या मालावर १८९१ पासून मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) हा शब्द १८९१ ते १९२१ या काळाकडे बोट दाखवतो, ‘ऑक्युपाइड जपान’ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या थोड्या वर्षांकडे, आणि ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० कडे. देशाचे नाव नाही म्हणून भांडे १८९१ पूर्वीचे ठरत नाही. ते निर्यातीसाठी नसेल किंवा त्यावरची कागदी चिठ्ठी निघून गेली असेल. पश्चिम जर्मनीच्या जाड, लाव्ह्यासारख्या झिलईच्या फुलदाण्यांवर बुडाशी दोन आकडे असतात. शॉयरिख कारखान्याच्या फुलदाणीवर २४२-२२ असे असेल, तर २४२ हा आकाराचा क्रमांक आणि २२ ही सेंटिमीटरमधली उंची असते, आणि तीही मोजून पाहता येते. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या रुकवुड कारखान्याने, जो १८८० मध्ये निघाला, १८८६ पासून उलटा आर आणि पी जोडलेला शिक्का वापरला आणि पुढे दरवर्षी त्याभोवती एक ज्वाला वाढवली. नऊ ज्वाला मोजल्या, की भांडे १८९५ चे. १९०० मध्ये चौदा ज्वाला झाल्यावर पुढच्या वर्षापासून खाली रोमन अंक येऊ लागले. वेजवुड या इंग्लिश कारखान्याच्या शिक्क्यात स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासावे. ‘जी’नंतर जास्तीचा ‘ई’ असेल, तर ते भांडे त्या प्रसिद्ध कारखान्याचे नाही.

दोष शोधताना घाई करू नये. भांडे तळहातावर मोकळे ठेवून टिचकी मारावी. तडा असेल तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, मात्र जाड, मऊ भाजलेल्या मातीचा आवाज मुळातच बद्द असतो, हे ध्यानात ठेवावे. टॉर्च आत धरून केसाएवढी चीर शोधावी आणि डोळे मिटून काठावरून बोट फिरवावे. मंद हिरव्या झिलईच्या एका फुलदाणीचा काठ मला डोळ्यांना निर्दोष दिसला होता, पण बोटाखाली तीन सेंटिमीटर भाग बाकीच्या काठासारखा थंड लागत नव्हता आणि नखाला किंचित मऊ वाटत होता. तिथला उडालेला टवका भरून वर रंग दिलेला होता. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली अशी डागडुजी बहुधा वेगळ्या रंगात चमकते. झिलईतली बारीक जाळी हा वेगळा प्रकार आहे. झिलई आणि माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत म्हणून ती पडते आणि जुन्या मातीच्या भांड्यांत ती सर्रास आढळते. जाळीत तपकिरी डाग मुरले असतील, तरच मी भांड्याची किंमत कमी धरते.

किंमत ठरवताना विक्रेते काय मागतात हे पाहू नये, तर भांडे प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते पाहावे. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे काढून दाखवता येतात. शिक्का नसलेले, पण झिलईने मन वेधून घेणारे भांडे स्वस्त मिळत असेल, तर ते जरूर घ्यावे.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. आधी रंगाच्या एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून पाहावा, कारण भाजल्यानंतर वरून दिलेला रंग किंवा सोनेरी काम पाण्यानेही निघू शकते. मुरलेल्या डागांवर औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून काही दिवस थांबावे; ब्लीच मात्र वापरू नये, ते मातीत मुरते आणि पुढे झिलई उखडून टाकते. जुन्या झिलईत शिसे असू शकते, आणि आंबट पदार्थांत ते उतरते. १९३६ मध्ये आलेल्या फिएस्टा या अमेरिकन भांड्यांच्या लाल झिलईत तर युरेनियम होते. म्हणून अशी भांडी खाण्यापिण्यासाठी न वापरता फळीवरच ठेवावीत. बुडाचा फोटो काढावा, आणि उंची, शिक्क्यातली अक्षरे व खरेदीची तारीख एका कागदावर लिहून तो कागद भांड्याला न चिकटवता आत टाकून ठेवावा.