दरांचा तुलनात्मक तक्ता: रकाने सोपे, ओळी अवघड

लहान व्यवसायाच्या संकेतस्थळावर दर द्यावेत की देऊ नयेत, या वादात मी आता पडत नाही. ‘दरांसाठी संपर्क साधा’ असे लिहून ठेवणाऱ्याला फोन येतात ते बहुधा दर विचारून ठेवून देणाऱ्यांचे, आणि बाकीचे ग्राहक जिथे दर दिसतो तिथे निघून जातात. तेव्हा दर ठरलेले आहेत आणि संकेतस्थळात फेरफार करणे तुमच्या हाती आहे, असे धरून चालतो. उदाहरणादाखल, ठाण्यात घोडबंदर रोडपासून खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीपर्यंत घरगुती एसीची सर्व्हिसिंग करणारा व्यवसाय घेऊ. खालचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

रकाने

तीन पुरेत: एकदाच सर्व्हिसिंग, सुट्या भागांशिवाय वार्षिक करार आणि सुट्या भागांसह वार्षिक करार. त्यांना ‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ अशी नावे देऊ नयेत, कारण त्यांवरून काय मिळणार हे कोणालाच कळत नाही.

ओळी

खरे काम इथे आहे, आणि सुरुवातीला माझा सगळा वेळ याच टप्प्यावर जात असे. बहुतेक सल्लागार सांगतात की आपल्या सेवेची वैशिष्ट्ये एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक रकान्यात हिरव्या रंगाची बरोबरची खूण किंवा लाल फुली टाकावी. हा सल्ला मुळीच ऐकू नये. ‘तज्ज्ञ तंत्रज्ञ’, ‘तत्पर सेवा’, ‘ग्राहकांचे समाधान’ या ओळींत तिन्ही रकान्यांत बरोबरच येणार, आणि जी ओळ तिन्हीकडे सारखी आहे तिला तुलनेच्या तक्त्यात स्थान नाही. ती फार तर तक्त्याच्या वर एका वाक्यात सांगावी.

ओळी शोधायच्या त्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या जुन्या निरोपांत. गेल्या उन्हाळ्यातले ग्राहकांचे प्रश्न वर सरकवत वाचत जावे आणि जो प्रश्न पुन्हा पुन्हा आला असेल त्याची ओळ करावी. एसीच्या धंद्यात ते प्रश्न साधारण असे असतात: वर्षात किती वेळा सर्व्हिसिंग होणार, मध्येच बिघाड झाला तर येण्याचे वेगळे पैसे पडतील का, गॅस भरणे यात धरले आहे का, पीसीबी (एसीतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) किंवा कॉम्प्रेसर गेला तर खर्च कोणाचा, आणि फोन केल्यावर माणूस किती वेळात येतो. ऐरोली-घणसोलीकडच्या, खाडीलगतच्या इमारतींतला ग्राहक आणखी एक प्रश्न हमखास विचारतो, कारण खाऱ्या हवेने आउटडोअर युनिटची कॉइल लवकर गंजते: गंजलेली कॉइल बदलून मिळणार की नाही? कोणत्याही तयार नमुन्यात ही ओळ सापडणार नाही, पण तुमच्या ग्राहकाचा निर्णय कदाचित तिच्यावरच होणार आहे.

ओळी ठरल्या की तक्त्याच्या प्रत्येक घरात आकडा किंवा शब्द लिहावा, खूण नाही. ‘गॅस’ या ओळीपुढे नुसती बरोबरची खूण असेल तर ग्राहक ‘हवा तितक्या वेळा मोफत’ असा अर्थ लावतो. तुमच्या मनात मात्र वर्षातून एकदा एवढेच असते, आणि भांडण पुढे त्याच्या दिवाणखान्यात होते. म्हणून ‘वर्षातून एकदा समाविष्ट’ किंवा ‘लागल्यास वेगळे शुल्क’ असे स्पष्ट लिहावे. जे मिळणार नाही तेही त्याच अक्षरांत, त्याच आकारात लिहावे. तक्त्याखाली तारांकित बारीक टीप टाकून अटी लपवणाऱ्या माणसाविषयी मला आदर वाटत नाही.

शेवटची अडचण मापाची. एका रकान्यात एका भेटीचा दर, दुसऱ्यात वर्षाचा आणि तिसऱ्यात ‘दोन एसींसाठी’ असा दर असेल, तर तक्ता कितीही देखणा असला तरी तुलना होत नाही. सर्व दर एका एसीमागे द्यावेत आणि त्याखाली एका सर्व्हिसिंगमागे पडणारा दर अशी स्वतंत्र ओळ करावी. समजा, एका सर्व्हिसिंगचे ६०० रुपये आणि तीन सर्व्हिसिंगच्या, सुट्या भागांशिवायच्या कराराचे १,५०० रुपये आहेत. १८ टक्के जीएसटी धरून हे ७०८ आणि १,७७० होतात, म्हणजे करारात एक सर्व्हिसिंग ५९० रुपयांना पडते. ७०८ आणि ५९० हे दोन आकडे शेजारी दिसले की करार का घ्यावा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुट्या भागांसहच्या कराराला मात्र हे माप लावू नये, कारण तिथे ग्राहक सर्व्हिसिंगसाठी नव्हे, तर मोठा खर्च अचानक अंगावर येऊ नये म्हणून पैसे देतो. त्या घरात ‘सुट्या भागांसह, म्हणून तुलना लागू नाही’ असे लिहून मोकळे व्हावे.

कर आणि इतर आकार

ग्राहक प्रत्यक्षात जी रक्कम देणार आहे तीच ठळक लिहावी आणि कराचा तपशील तिच्याखाली द्यावा. जीएसटी नोंदणी नसेल तर कर आकारताच येत नाही, तेव्हा तसे स्पष्ट लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येही एकूण किंमत एकाच आकड्यात आणि तपशिलासह दाखवण्याची अपेक्षा आहे. सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटी आकार वाढवत नेणे हा प्रकार तर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी नमूद आहे. लांबच्या भागासाठी येण्या-जाण्याचे पैसे घेत असाल तर तीही ओळ हवी, आणि तिच्यात ‘अंतरानुसार’ न लिहिता भागांची नावे लिहावीत. मधल्या रकान्यावर ‘सर्वाधिक पसंती’ अशी पट्टी लावायची असेल तर आधी बिलबुक उघडून ते खरे आहे का, हे पाहावे.

संकेतस्थळावर चढवणे

तक्त्याचे चित्र करून चढवू नये. मोबाइलवर त्यातली अक्षरे वाचता येत नाहीत, दृष्टिहीनांचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाहीत आणि एक दर बदलायचा तर पुन्हा डिझायनरच्या मागे लागावे लागते. एचटीएमएलचे (वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिचे) साधे टेबल वापरावे, आणि पहिली ओळ व पहिला रकाना शीर्षक म्हणून नोंदवावेत. छोट्या पडद्यावर तिन्ही रकाने एकाखाली एक कार्डांसारखे रचून देणाऱ्या तयार थीम पुष्कळ आहेत. त्या टाळाव्यात, कारण तिसऱ्या कार्डापर्यंत पोहोचेतो पहिल्यातला आकडा विसरायला होतो. ओळींच्या नावांचा रकाना जागेवर खिळवून बाकीचा तक्ता आडवा सरकू द्यावा. तक्त्याखाली दर कोणत्या तारखेपासून लागू आहेत ते लिहावे.

प्रसिद्ध करण्याआधी धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या हाती स्वतःचा मोबाइल द्यावा आणि विचारावे, “तुमच्याकडे दोन एसी आहेत, एकाची कॉइल गंजली आहे, वर्षाला किती खर्च येईल?” उत्तर देण्याआधी त्याने उलट काही विचारले, तर तो प्रश्न टिपून घ्यावा आणि तक्त्यात त्याची ओळ वाढवावी.