रोमला जाताय? एक दिवस ओर्विएतोला द्या

रोमहून ट्रेनने साधारण सव्वा-दीड तास, स्टेशनसमोरच फ्युनिक्युलर (दोराने चढावर ओढली जाणारी रुळांवरची गाडी) आहे, ती पकडून वर कड्यावरच्या गावात जायचं. गाव मूळचं एट्रुस्कन लोकांचं (रोमनांच्या आधीचे इथले लोक), इ.स.पू. २६४ मध्ये रोमनांनी पाडलं. उतरल्यावर जवळच विहीर आहे, ती आधी बघा. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आला, वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खोदायला घेतली, ५३ मीटर खोल! दोन गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्या, एकाने खेचरं उतरायची दुसऱ्याने पाणी घेऊन चढायची, समोरासमोर यायचीच नाहीत. दादरच्या पुलावर रोज धक्के खाणाऱ्या आपल्याला याची किंमत लगेच कळते. १२९० ला सुरू झालेलं कॅथेड्रल मात्र संध्याकाळसाठी ठेवा, दर्शनी भिंतीवरच्या सोनेरी मोझेकवर तेव्हा ऊन येतं.