सेन्सर नेटवर्कच्या बॅटऱ्या लवकर का संपतात? राउटिंगमधल्या या चुका टाळा

द्राक्षबागेत ओलावा मोजणारे वायरलेस नोड लावले, दोन-तीन आठवडे डेटा नीट आला आणि मग एकेक नोड गप्प होऊ लागला, तर आधी सेन्सर उघडून बसू नका. रेडिओ किती वेळ जागा असतो आणि पॅकेट, म्हणजे डेटाचा गठ्ठा, कोणत्या वाटेने जातं (यालाच राउटिंग म्हणतात), हे पाहा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रेडिओ सतत ऐकत ठेवणं. पाठवण्यातच वीज जाते, असा समज आहे. सीसी२४२० या जुन्या रेडिओ चिपला ० डीबीएमवर, म्हणजे १ मिलिवॅट शक्तीने, पाठवताना १७.४ मिलिअँपिअर लागतात आणि नुसतं ऐकताना १८.८. मालिकेत जोडलेले २५०० मिलिअँपिअर-तासांचे दोन एए सेल अशा ऐकण्यात साडेपाच दिवसांत संपतात. तोच रेडिओ १ टक्का वेळ जागा ठेवला तर कागदावर दीड वर्ष निघतं. प्रोसेसर आणि सेन्सरचा खर्च धरला की त्याहून कमी. हे जमल्याशिवाय राउटिंग सुधारून फारसा फायदा नाही.

राउटिंगमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे कमीत कमी हॉपची, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर कमीत कमी उड्यांची, वाट निवडणं. कमी हॉप म्हणजे लांब लिंक आणि लांब लिंक म्हणजे बहुधा कमकुवत लिंक. त्याऐवजी ईटीएक्स वापरा, म्हणजे एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा. जाताना आणि पोच (पॅकेट मिळाल्याची पावती) येताना दोन्हीकडे ६० टक्के यश देणाऱ्या दोन लिंकचा एकूण ईटीएक्स ५.६ येतो, ९० टक्केवाल्या तीन लिंकचा ३.७. एक हॉप जास्त असूनही दुसरी वाट स्वस्त आहे.

पोच न मागता पाठवत राहिलात तर ९० टक्क्यांच्या पाच हॉपमधून १०० पैकी ५९ पॅकेट पोचतात. दर हॉपला तीन फेरप्रयत्न दिले की जवळजवळ सगळी पोचतात, पण प्रयत्नांमध्ये थोडं यादृच्छिक अंतर हवं. पोच हरवली की तेच पॅकेट पुन्हा येतं, म्हणून अनुक्रमांक पाहून दुबार प्रती गाळा.

ईटीएक्स जरा हलला की पालक नोड (ज्याच्यामार्फत पॅकेट पुढे जातं तो) बदलणारं नेटवर्क नियंत्रण-संदेशांतच वीज घालवतं. आरपीएल या राउटिंग प्रोटोकॉलच्या एमआरएचओएफ या पालक निवडण्याच्या नियमात यासाठी १.५ ईटीएक्सचा उंबरठा मुळातच ठरवलेला आहे: नवी वाट किमान एवढी स्वस्त असेल तरच पालक बदलतो. तो शून्यावर आणू नका.

बागेत आणखी एक अडचण असते. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव उघडा असतो आणि तेव्हा घेतलेली चाचणी उत्तम येते. पुढे पानं दाटली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातल्या पाण्यात शोषला जातो आणि तीच लिंक कोलमडते. अँटेना मांडवाच्या वर काढा किंवा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. चाचणी भर पानोळ्यातच करा. जवळ वायफाय असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या नोड-रेडिओचं (८०२.१५.४) चॅनल २५ किंवा २६ सोयीचं.

गेटवेजवळचे (सगळा डेटा जिथे गोळा होतो त्या केंद्राजवळचे) नोड सगळ्यांचा माल वाहतात, म्हणून तेच आधी मरतात. त्यांना छोटं सौर पॅनेल द्या किंवा दुसरा गेटवे बसवा. सगळे नोड तासाच्या ठोक्याला एकदम पाठवत असतील तर टकरी होणारच. प्रत्येकाला काही सेकंदांचं वेगळं अंतर द्या.

दोष शोधायचा तर प्रत्येक पॅकेटमध्ये पालकाचा क्रमांक, फेरप्रयत्न, अनुक्रमांक आणि रेडिओ चालू असतानाचं बॅटरी-व्होल्टेज पाठवा. विश्रांतीतलं व्होल्टेज फसवं असतं. एकाच नोडचे अनुक्रमांक गळत असतील तर त्याची लिंक तपासा. एकाच पालकामागच्या सगळ्याच नोडचे गळत असतील तर तो पालक तपासा. अनुक्रमांक मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर नोड बहुधा रीसेट झाला आहे: सेल बदला, मग राउटिंगकडे वळा.