टाकी कोणाची? प्रोपेनवाला बदलण्याआधीची तयारी

आमच्या घरामागे प्रोपेनची, म्हणजे शेगडी, गरम पाणी आणि घर तापवण्यासाठीच्या गॅसची, एक पांढरी, लांबट टाकी आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआपासून पश्चिमेला जरा आत गेलं की रस्त्याखालच्या पाइपचा गॅस संपतो आणि अशा टाक्या दिसायला लागतात. कॉन्डो सोडून इकडे आलो तेव्हा डेक आलं, शेड आली, तशी टाकीही घराबरोबरच आली असं मी धरून चालले होते. वर्षभराने भाड्याचं बिल आलं आणि कळलं की ती आपली नाहीच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, सिलिंडर तरी कुठे आपला असतो? तो कंपनीचाच. डिपॉझिट भरायचं, शेगडी तेवढी आपली." खरं होतं तिचं. फक्त पुण्यात सिलिंडर दारातून उचलून नेता येतो. इथली 500 गॅलनची टाकी रिकामी असली तरी चारशे किलोंच्या वर भरते आणि ती हलवायला क्रेनचा ट्रक अंगणात यावा लागतो. त्यामुळे प्रोपेनवाला बदलायचा म्हणजे एक फोन करून भागत नाही, आधी घरी बसून बरंच काम करावं लागतं.

सगळ्यात आधी टाकी कोणाची ते शोधा. टाकीवर कंपनीचा स्टिकर आहे म्हणून ती कंपनीची असं नसतं. स्वतःच्या टाकीवरसुद्धा गॅस भरणारे आपला स्टिकर चिकटवून जातात. घर घेतानाचे क्लोजिंगचे कागद काढा, टाकी विक्रीत धरली होती का ते बघा. मग गेल्या दोन वर्षांची बिलं काढा आणि टाकीभाड्याची ओळ शोधा. ती सापडली तर उत्तर मिळालंच. कुठेच काही सापडलं नाही तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या. फोनवरच्या "आय थिंक सो" वर विसंबू नका. हा मुद्दा एवढा महत्त्वाचा का, तर भाड्याच्या टाकीत फक्त टाकीच्या मालकानेच गॅस भरायचा असतो. बऱ्याच राज्यांत तसा कायदाच आहे. म्हणजे शेजारचा दुकानदार कितीही स्वस्त देत असला तरी तो त्या टाकीला नळी लावणार नाही. तुम्ही गॅस घेत नसता, टाकीला बांधलेले असता.

टाकीपाशी गेलाच आहात तर वरचं झाकण उचला. जपून हं, आमच्या झाकणाखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. आत एक गोल काटा दिसेल, तो टक्के दाखवतो. टाकी 80 टक्क्यांच्या वर भरत नाहीत, कारण उन्हात प्रोपेन फुगतं आणि त्याला जागा लागते. म्हणजे 500 च्या टाकीत 400 गॅलनच मावतात. गॅलनला 4.2 पौंड धरले तर ते साधारण 760 किलो होतात, आपल्या 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरांच्या भाषेत 53 सिलिंडर. टाकीच्या अंगावर धातूची एक पाटी असते. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, नंबर, वर्ष आणि पाण्याच्या मापाने गॅलन (म्हणजे टाकीत काठोकाठ किती पाणी मावेल ते) कोरलेले असतात. तिचा फोटो काढून ठेवा. रंगाखाली बुजली असेल तर हलक्या हाताने साफ करा. स्वतःच्या टाकीची पाटी वाचता येत नसेल तर नवा पुरवठादार ती भरायला नकार देईल, आणि त्याचं काही चुकतही नाही.

आता कराराचा कागद. हाच जास्त वेळ खाईल. तो सापडत नसेल तर कंपनीकडून प्रत मागवा, त्यांना ती द्यावीच लागते अशा सुरात मागा. वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि पैसे लागतील अशा प्रत्येक जागी खूण करा. मुदतीआधी सोडलं तर दंड किती? वर्षाला किमान किती गॅलन घ्यायचेच आहेत? कमी घेतले तर भाडं वाढतं का? टाकी उचलून न्यायचे पैसे कोण देणार? करार आपोआप पुढे चालू राहतो का, आणि तो थांबवायला किती दिवस आधी लेखी कळवायचं? या शेवटच्या अटीत मी अडकले होते. साठ दिवस आधी कळवायचं होतं, मी कळवलं चाळीस दिवस आधी, आणि आणखी एका वर्षाचं भाडं पदरात पडलं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कागदावर सही माझीच होती.

सगळ्यात किचकट प्रश्न टाकीत उरलेल्या गॅसचा. तो गॅस तुम्ही पैसे देऊन घेतलेला, पण त्यांच्या टाकीत. काही कंपन्या त्याचे पूर्ण पैसे परत देतात, काही कमी भावाने धरतात, काही उपसण्याचाच खर्च लावतात. राज्याराज्यांत नियम वेगळे. शेजारच्या व्हरमाँटमध्ये प्रोपेनच्या ग्राहकांसाठी अॅटर्नी जनरलची स्वतंत्र नियमावली आहे. तुमच्या राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागात एकदा विचारून घ्या. पण नियम काहीही असो, उत्तम उपाय म्हणजे टाकीत उरवायचंच कमी. बदलायचं ठरलं की 'ऑटोमॅटिक' डिलिव्हरी बंद करायला सांगा आणि ते लेखी घ्या. नाहीतर ते थंडीच्या हिशेबाने तुमचा वापर ओळखून ठरल्याप्रमाणे येतात, आणि तुम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात टाकी 80 टक्क्यांपर्यंत भरून जातात.

मात्र टाकी कोरडी पडू देऊ नका. गॅस पूर्ण संपला तर पुन्हा भरताना सगळ्या पाइपची गळतीची तपासणी करावी लागते, तिचे वेगळे पैसे लागतात, आणि ती होईपर्यंत घर गार. मी काटा 15 च्या आसपास असताना बदल केला. तेही उन्हाळ्यात, जेव्हा गॅस फक्त अंघोळीला आणि चहाला लागत होता.

त्यानंतर स्वतःचा वापर मोजा. वर्षभराच्या डिलिव्हरीच्या चिठ्ठ्या काढून गॅलनची बेरीज करा. हा आकडा हातात नसेल तर कोणताही भाव स्वस्त की महाग ते कळणार नाही. फर्नेसही (घर तापवणारी भट्टी) प्रोपेनवर असेल तर आकडा बराच मोठा निघतो: एका गॅलनमधून सुमारे 91,500 बीटीयू (हे उष्णतेचं माप) मिळतात, म्हणजे 80,000 बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर तासाला जवळजवळ पाऊण-एक गॅलन खातो. शेगडी आणि गरम पाण्यापुरताच वापर असेल तर बेरीज पाहून तुम्हीच हसाल.

मग तिघांना तरी फोन करा, आणि तिघांनाही तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. उत्तरं, माणसाचं नाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. 'आजचा भाव काय' हा प्रश्न शेवटी ठेवा. पहिल्या वर्षाचा भाव गोडच असतो, तेव्हा आधी विचारा की दुसऱ्या वर्षी भाव कसा ठरतो. गॅलनच्या भावाखेरीज बिलात आणखी काय येतं? हॅझमॅट फी (धोकादायक माल हाताळण्याची), इंधनाचा अधिभार, हिवाळ्यातल्या तातडीच्या फेरीचे पैसे? भाव आधीच बांधून घेता येतो का, आणि बाजार पडला तर बांधलेला भाव खाली येतो की तिथेच अडकतो? ट्रकची नळी टाकीपर्यंत पोचेल का? बर्फ पडल्यावर ड्राइव्हवेपासून टाकीपर्यंत वाट कोणी काढायची? (तुम्हीच. हे मी सांगून टाकते.) आणि शेवटी, ग्राहकाच्या मालकीची टाकी ते भरतात का? भरत असतील तर भाव तोच की कमी?

इथून मूळ प्रश्नाकडे येऊ: टाकी विकत घ्यावी की भाड्याने ठेवावी. माझं मत सरळ आहे. घर प्रोपेनवरच तापत असेल आणि पाच-सहा वर्षं तरी हलणार नसाल तर टाकी आपली असावी. समजा आपली टाकी असल्यामुळे चार ठिकाणी भाव विचारता आला आणि गॅलनमागे 60 सेंट वाचले. वर्षाला 800 गॅलन लागत असतील तर ते 480 डॉलर झाले. टाकीची किंमत, बसवणं आणि तपासणी यांची बेरीज करा, त्या बेरजेला या आकड्याने भागा, किती वर्षांत वसूल होते ते दिसेल. जमिनीवरच्या टाकीला 'एक्स्पायरी' नसते. रंग नीट ठेवला आणि गंज चढू दिला नाही तर ती दशकं टिकते. रंग पांढरा किंवा फिका, हौसेने गर्द हिरवा फासू नका, उन्हात आतला दाब वाढतो.

पण मालकी आली की तिच्याबरोबरची कामंही आली. भाड्याच्या टाकीचा रेग्युलेटर बिघडला तर कंपनी बदलून देते, आपल्या टाकीचा आपण बदलायचा. रेग्युलेटरला मात्र आयुष्य असतं, त्याच्यावरची तारीख बघून ठेवा. टाकी घरापासून किती लांब हवी तेही बघावं लागतं: अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या एनएफपीए 58 या अग्निसुरक्षेच्या नियमांप्रमाणे 125 ते 500 गॅलनची जमिनीवरची टाकी इमारतीपासून आणि हद्दीपासून 10 फूट, त्याहून मोठी 1000 ची असेल तर 25 फूट. गावाचं परमिट आणि फायर डिपार्टमेंटची तपासणी वेगळी. टाकी जमिनीखालची असेल तर मी सहसा ती नव्याने पुरायच्या फंदात पडणार नाही. आहे तीच कंपनीकडून विकत मिळते का, हे विचारीन. उकरण्याचा आणि अंगण पूर्ववत करण्याचा खर्च ऐकून अनेकजण जुन्याच कंपनीकडे राहतात, हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. तरीही खणायचंच ठरलं तर आधी 811 ला फोन करा. ते येऊन वीज, पाणी वगैरे पुरवणाऱ्यांच्या जमिनीखालच्या तारा आणि पाइप कुठून गेलेत त्याच्या खुणा करून जातात.

आणि फक्त शेगडी, फायरप्लेस एवढ्यापुरताच गॅस लागत असेल तर भाड्याची 120 गॅलनची उभी टाकी बरी. तिच्यासाठी मालकीचा खटाटोप कशाला?

वेळ कोणती निवडायची? मे ते ऑगस्ट. इथली सगळी चांगली माणसं ऑक्टोबरनंतर बर्फाच्या तयारीत गुंततात आणि भावही चढतात. 2013 च्या शरद ऋतूत मिडवेस्टमध्ये (देशाच्या मधल्या, शेतीच्या राज्यांत) मका ओलाच काढावा लागला, तो वाळवायला प्रोपेन संपलं, आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. जानेवारी 2014 मध्ये तिथे घरगुती भाव गॅलनला 4 डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा नवं गिऱ्हाईक घ्यायला कोणाला फुरसत होती? टंचाईत कंपनी आधी आपल्या जुन्या लोकांना बघते.

म्हणून जुन्याला सोडचिठ्ठी देण्याआधी नव्याशी लेखी ठरवा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. नव्याची टाकी येण्याचा आणि जुनी जाण्याचा दिवस शक्यतो एकच घ्या. जुनी टाकी नव्या पुरवठादाराने बाजूला सरकवायची नसते, ज्या कंपनीची तिनेच उचलायची. त्या दिवशी सकाळी काट्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. उरलेल्या गॅसच्या पैशांवरून पुढे हुज्जत झाली तर तोच पुरावा. घरी कोणीतरी मोठं माणूस थांबलंच पाहिजे, कारण गळती तपासताना ते प्रत्येक उपकरणापाशी जातात आणि पायलट (उपकरणातली कायम जळणारी छोटी ज्योत) पुन्हा पेटवून देतात. त्यांना बेसमेंटचं दार, वॉटर हीटर, ड्रायर सगळं मोकळं करून ठेवा. नवी टाकी असेल तर वास येतो ना तेही विचारा. प्रोपेनला मुळात वास नसतो, सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम घातलेला असतो, आणि नव्या टाकीच्या आतल्या गंजाने तो मंद पडू शकतो. बेसमेंटमध्ये प्रोपेनचा डिटेक्टर खाली, जमिनीजवळ बसवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो.

पहिली भराई झाल्यावर ड्रायव्हर दाराला छापील चिठ्ठी अडकवून जातो. गॅलन, भाव आणि बाकीच्या ओळी ठरल्याप्रमाणे आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा, मग झाकण उचलून काटा बघा. आमच्या पहिल्या चिठ्ठीवर फोनवर कोणी न सांगितलेली एक फी होती. मी प्रश्नांच्या वहीतलं पान उघडून, माणसाचं नाव आणि तारीख सांगून फोन केला. पुढच्या बिलात ती वजा होऊन आली.