एचओ (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या) लेआउटवर ड्युअल गेज टाकायचंय? आधी कॉमन रूळ ठरवा

स्वित्झर्लंडमधल्या कूर ते डोमाट/एम्ससारखं ड्युअल गेज, म्हणजे तीन रुळांच्या एकाच मार्गावर दोन वेगळ्या गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) गाड्या, करताय तर पहिला प्रश्न, दोन्ही गाड्या वापरतात तो कॉमन रूळ कुठल्या बाजूला? माझ्या मते प्लॅटफॉर्मच्याच बाजूला घ्या, म्हणजे १६.५ मिमी (स्टँडर्ड गेज) आणि १२ मिमी (मीटर गेज) दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच अंतरावर उभ्या राहतात, नाहीतर मीटर गेजचा डबा फलाटापासून लांब पडतो आणि ते फार खटकतं हो. उरलेल्या दोन रुळांना एकाच वायरचा फीड (वीजपुरवठा) द्या, शॉर्टची कटकट नाही. आणि पॉइंट्स (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) होईल तेवढे तीन रुळांच्या भागाबाहेरच ठेवा, तीन रुळांचा पॉइंट हाताने बनवणं खरंच किचकट काम आहे. कपलिंगचं (डबे जोडणाऱ्या हुकाचं) मात्र विसरू नका, दोन्ही गेजच्या मध्यरेषा एकमेकींपासून २.२५ मिमीने सरकलेल्या असतात, म्हणून दोन गेजचे डबे जोडताना हुक समोरासमोर येत नाहीत.