रेडिओ चॅनलमधून किल्ली काढताय? आधी या चुका टाळा

जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट दाखवायला येऊ लागतात. त्यात एक-दोन गटांचा विषय हमखास हाच असतो: वायरलेस चॅनलच्या, म्हणजे दोन रेडिओंमधल्या हवेतल्या वाटेच्या, चढउतारातून एन्क्रिप्शनची (संदेश कुलूपबंद करण्याची) किल्ली तयार करणं. (बोलताना आपण 'की' म्हणतो, पण लिहिताना वाक्य अडखळतं, म्हणून इथे किल्ली.) विषय मला मनापासून आवडतो. म्हणूनच दरवर्षी त्याच चुका पाहून जीव तुटतो.

मूळ कल्पना सुंदर आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्या दोन रेडिओंमधला सिग्नल भिंती, कपाटं, माणसं यांच्यावर आपटत जातो. जाताना आणि येताना वाटा त्याच, त्यामुळे दोघांनाही सिग्नलचा चढउतार सारखाच दिसतो. तिसरा माणूस थोडा लांब असला, तर त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वाटा वेगळ्या. दोघांनी आपापल्या चढउतारातून बिट काढायचे, न जुळलेले बिट उघड्यावर बोलून दुरुस्त करायचे; किल्ली स्वतः कधी हवेत जातच नाही. अशा उघड चर्चेतून गुपित कसं ठरवता येतं, याचं गणित क्रिप्टोग्राफीचे अभ्यासक माउरर यांनी १९९३ साली मांडलं. गणित पक्कं आहे. घोळ होतो तो टेबलावर.

सगळ्यात मोठी चूक: जे हलतं ते सगळं रँडम, असं धरून चालणं.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या लॅबमध्ये मला बोलावलं होतं. टेबलाच्या दोन टोकांना दोन ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेले छोटे कंट्रोलर), मध्ये काही नाही. आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची ताकद) मोजून बिट काढलेले, ते एसएचए-२५६ या हॅशमधून (कुठलाही डेटा घुसळून ठरावीक लांबीचे बिट देणाऱ्या फंक्शनमधून) घातलेले, आणि एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-२२ मधल्या रँडमपणाच्या सगळ्या चाचण्या पास. दोन्हीकडच्या किल्ल्या दर वेळी तंतोतंत जुळत होत्या. पोरं खूश, त्यांचे गाइडही खूश. मला मात्र ते 'दर वेळी' खटकलं. आरएसएसआय एक-एक डेसिबलच्या पायऱ्यांनी येतो, दोन्ही रिसीव्हरचा नॉइज वेगळा असतो. थोडे तरी बिट चुकायलाच हवेत.

मी म्हटलं, हॅशच्या आधीचे कच्चे आकडे दाखवा. ग्राफ काढला तर हळूहळू चढणारी आणि उतरणारी लाट, पुन्हा तशीच, पुन्हा तशीच. वर पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात मान हलवणारा पेडेस्टल फॅन दिसला. त्याची लोखंडी जाळी डावीकडे गेली की सिग्नल चढायचा, उजवीकडे आली की उतरायचा. लाट इतकी संथ होती की दोन्ही बोर्डांना ती बिनचूक सारखी दिसणारच. माझ्या बॅगेत नेहमी तिसरा बोर्ड असतो. तो बाहेर पॅसेजमध्ये ठेवला. त्याचे आकडे वेगळे होते, पण ताल तोच. त्याचे बिट थोडे मागेपुढे सरकवले आणि पोरांचे जवळपास सगळे बिट हातात आले. फॅन बंद केल्यावर आरएसएसआय एका आकड्यावर जाऊन बसला आणि किल्ली बनायचीच थांबली.

हे नवीन नाही. यूटा विद्यापीठातल्या एका गटाने २००९ च्या मोबिकॉम परिषदेत प्रत्यक्ष मोजमापांवरून दाखवलं होतं, की स्थिर जागेत अशा किल्लीत एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारा खरा रँडमपणा, फारच कमी उरते, आणि हल्लेखोर मुद्दाम मधून ये-जा करून चॅनल आपल्याला हवा तसा हलवू शकतो. त्या लॅबमध्ये हल्लेखोराचं काम फॅन फुकटात करत होता.

मग त्या चाचण्या पास कशा झाल्या? हॅशमुळे. ही दुसरी चूक पहिलीला झाकते, म्हणून जास्त घातक. मी पोरांसमोर १, २, ३, ४ अशी सरळ मोजणी एसएचए-२५६ मधून घातली आणि त्याच चाचण्या लावल्या. पास. हॅश असलेली एन्ट्रॉपी गोळा करतो, नसलेली निर्माण करत नाही. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधला २००८ साली उघड झालेला दोष आठवा: किल्ल्या दिसायला अगदी रँडम होत्या, पण बीज (ज्यातून रँडम आकडे सुरू होतात ते) म्हणून फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा क्रमांक, उरला होता, म्हणजे एका प्रकारच्या मशिनवर एका लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. त्यामुळे माझी सवय ठरलेली आहे. चाचणी हॅशच्या आधी, कच्च्या बिटांवर, आणि तीही एनआयएसटीच्याच ८००-९०बी मधली मिन-एन्ट्रॉपीची (सगळ्यात वाईट धरून किती एन्ट्रॉपी उरते याची). पण त्याआधी ग्राफ काढून स्वतःच्या डोळ्यांनी दहा मिनिटं बघायचं. या दहा मिनिटांचा कंटाळा करणाऱ्यांनी सुरक्षिततेचं काम हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किल्ल्या अजिबातच जुळत नसतील, तर बहुतेक वेळा घाई नडलेली नसते, उशीर नडलेला असतो. चॅनल किती वेळ सारखा राहतो याचा हिशोब आधी करा. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर. माणूस सेकंदाला एक मीटर चालला, तर डॉपलर (हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक) ८ हर्ट्झ, म्हणजे चॅनल अंदाजे ५० मिलिसेकंद टिकतो. पॅकेट आणि त्याचं उत्तर दोन्ही त्याच्या बरंच आत उरकायला हवं. मी काही मिलिसेकंदांच्या वर जाऊ देत नाही. लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा पण संथ रेडिओ, वापरणारे इथेच फसतात. आपल्याकडच्या ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास त्याच चालीला दीडशे मिलिसेकंद मिळतात, पण एसएफ१२ (लोराची सगळ्यात संथ सेटिंग) आणि १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला नुसता प्रिअँबलच (पॅकेटच्या सुरुवातीची खूण) ४०० मिलिसेकंदांचा. उत्तर निघेपर्यंत चॅनल बदललेला असतो. वेगवान एसएफ७ वर या, पॅकेट छोटं ठेवा. जाण्याची आणि येण्याची फ्रिक्वेन्सीच वेगळी असेल, तर मात्र हा नाद सोडा.

उलट टोकाची चूक म्हणजे दर दोन मिलिसेकंदाला नमुना घेऊन 'सेकंदाला ५०० बिट' असं पोस्टरवर लिहिणं. चॅनल ५० मिलिसेकंद तसाच राहणार असेल, तर ते पंचवीस नमुने म्हणजे एकाच नमुन्याच्या पंचवीस झेरॉक्स.

'अर्ध्या तरंगलांबीपलीकडे कुणालाच काही कळत नाही' हे वाक्यही पाठ करून येतात. सगळ्या बाजूंनी भरपूर परावर्तन होत असेल तेव्हा ते ठीक. मोकळ्या मैदानात, समोरासमोर अँटेना असताना, सहा सेंटीमीटरच्या भरवशावर राहू नका. तिसरा रिसीव्हर ठेवून मोजा.

बिट जुळवताना जेवढ्या पॅरिटी (बिटांच्या गटात १ किती वेळा, सम की विषम) उघड सांगितल्या, तेवढे बिट हिशोबातून वजा करा. शेवटी हॅशने आटवतानाही तूट येते: १२८ बिटांची किल्ली हवी आणि ती खऱ्या रँडमपासून ढळण्याची चूक २ च्या उणे ६४ व्या घातापर्यंत खाली ठेवायची, तर लेफ्टओव्हर हॅश लेमा या गणिती नियमाप्रमाणे सुमारे २५६ बिटांची मिन-एन्ट्रॉपी हातात असावी लागते. आणि ती पॅरिटी वजा करून उरलेली.

समोरचा बोर्ड खरा आहे हे चॅनल सांगत नाही. मध्ये कुणी बसला तर दोघांशी वेगवेगळ्या किल्ल्या बनवेल. ओळख पटवायची सोय आधीच हवी.

आणि जी उपकरणं भिंतीवर स्क्रूने बसवली आहेत, ज्यांच्यासमोरून दिवसभरात कुणी जात नाही, तिथे ही पद्धत लादू नका. वीजमीटरच्या बंद खोलीत चॅनलकडून एन्ट्रॉपी मागणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. तिथे सरळ कर्व्ह२५५१९ (उघड्यावर बोलून गुपित ठरवायची गणिती पद्धत) वापरून किल्ली ठरवा आणि बीज चिपच्या हार्डवेअर रँडम जनरेटरमधून घ्या. फक्त ईएसपी३२ वर एक गोष्ट पाहा: बीज घेताना वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू आहे ना? रेडिओ बंद असेल आणि एन्ट्रॉपीचा दुसरा अंतर्गत स्रोतही सुरू केलेला नसेल, तर तिथून येणारे आकडे खरे रँडम धरता येत नाहीत. बॅटरी वाचवायला रेडिओ उशिरा सुरू करणारा कोड मी बराच पाहिला आहे, आणि त्यात किल्ली बनवायची ओळ बहुतेक वेळा रेडिओ सुरू करायच्या ओळीच्या वर असते. त्या दोन ओळींची अदलाबदल करा.